बाकाची दोन टोकं

७ जुलै १९५८, सोमवार

शिडं शिवायचा माळा अखेर भाड्याने गेला. अकरा वर्षं तिथे उंदीर आणि माझ्या आठवणी यांच्याशिवाय कोणी राहत नव्हतं, आणि दोघांपैकी कोणीच भाडं देत नव्हतं. भाडेकरीण न्यूयॉर्कची चित्रकार आहे, उन्हाळ्यापुरती या मच्छीमार गावात आलेली. लिओना वाइस. तिशीची असेल. पुरुषी पँट घालते, आणि बोलताना हात असे फिरवते की समोरच्याने आपली टोपी सांभाळावी.

कोपऱ्यात शिडाच्या कापडाचा एक गठ्ठा पडून होता. तिने त्याला गालच लावला.

"मिस्टर ताविश, याच्यावर रंगवलं तर चालेल?"

"शिड व्हायचं ते चित्र होईल, इतकंच," मी म्हणालो. शाळेत कविता शिकवणाऱ्या ॲटवुडबाई हयात असत्या तर या वाक्याला त्यांनी मान डोलावली असती.

मग म्हणाली, "रोज सकाळी दोन तास माझ्यासमोर बसाल? मला दोन माणसं हवीत, एका बाकावर. दुसरे गृहस्थ हो म्हणालेत."

मी हो म्हणून टाकलं. त्र्याहत्तराव्या वर्षी कोणी आपल्याकडे रोज दोन तास बघायला तयार आहे, याचंच अप्रूप. रात्रीच्या जेवणाला ओलिंपियाला सांगितलं. माझी ही धाकटी बहीण, लग्न केलं नाही, त्यामुळे सगळा अधिकार माझ्यावरच गाजवते.

"तुझं चित्र? खलाशांच्या विम्याच्या जाहिरातीसाठी?" म्हणाली. "दुसरा कोण?"

विचारायचं राहूनच गेलं होतं.

८ जुलै, मंगळवार

दुसरा झेफेरिनो आहे.

मी जिना चढून माळ्यावर गेलो, तर तो आधीच तिथल्या बाकावर बसलेला. झेफेरिनो कोडिन्हा! शाळेत माझ्या शेजारी बसायचा, बोटीवर माझ्या शेजारी झोपायचा, आणि अकरा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मीही नाही. आमची दोघांची एक बोट होती. १९४७च्या वसंतात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बॉस्टनच्या इस्पितळात पडलो होतो, आणि परत येऊन बघतो तर धक्क्यावरची आमची जागा रिकामी. विकली! मला न विचारता, मला न सांगता. मी त्याला एवढंच म्हणालो, "आता तू बोलल्याशिवाय मी बोलणार नाही." तो काही बोलला नाही. तिथेच सगळं थांबलं.

धक्क्याच्या टोकाला एक बाक आहे. पश्चिमेकडच्या टोकावर मी बसतो, पूर्वेकडच्या टोकावर तो. मध्ये तीन माणसं मावतील. बाक सोडायला कोणीच तयार नाही, कारण दोघांचाही तो शाळेपासूनचा.

तर लिओनाबाईंनी नेमकं हेच आठवडाभर धक्क्यावरून पाहिलं होतं. आनंदाने म्हणाल्या, "न बोलता तासन्‌तास बसता तुम्ही दोघं. इतकी मुरलेली मैत्री मी न्यूयॉर्कमध्ये पाहिली नाही हो."

झेफेरिनोने खिडकीकडे पाहिलं. मी छताकडे.

उठून जाता आलं असतं. पण मी उठलो असतो तर तो म्हणाला असता, पळाला. तो उठला असता तर मीही तेच म्हणालो असतो. म्हणून दोघंही बसलो. दोन तास!

ओलिंपियाला सांगितल्यावर ती टेबलाला धरून हसली.

११ जुलै, शुक्रवार

चार दिवस झाले. आज बाईंनी चित्र दाखवलं. माझ्या शिडाच्या कापडावर माणसाएवढा पिवळा गठ्ठा आणि त्याच्या शेजारी बोटीला लावतो त्या निळ्या रंगाचा दुसरा गठ्ठा. रंग बोटभर जाड. नाक नाही, डोळे नाहीत. हात वल्ह्यांसारखे.

"पिवळे तुम्ही," त्या मला म्हणाल्या.

मी विचारलं, "तोंड कधी करणार?"

"येईल तेव्हा येईल."

मग कॉफीचा घोट घेतला, चित्राकडे डोळे बारीक करून पाहिलं, रंगाऱ्यांकडे असतो तसा रुंद पत्रा उचलला आणि वरपासून खालपर्यंत सगळं खरवडून काढलं! चार दिवसांचे आम्ही दोघं चरबीच्या रिकाम्या डब्यात जाऊन पडलो, लगदा होऊन.

मी आणि झेफेरिनोने एकमेकांकडे पाहिलं. चुकून. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्यात, हे मला ठाऊकच नव्हतं.

"सोमवारी पुन्हा या," बाई म्हणाल्या.

१५ जुलै, मंगळवार

आता बाईंच्या मार्फत बोलणं सुरू झालंय. हे बोलणं नव्हे, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो.

झेफेरिनो : "बाई, त्या गृहस्थांना सांगा, पाय हलवू नका. बाक हलतो."

मी : "बाई, त्यांना सांगा, बाक पायाने नाही, त्यांच्या श्वासाने हलतो. पहिल्यापासून भात्यासारखा श्वास आहे."

झेफेरिनो : "त्यांना सांगा, मी निदान श्वास घेतो. ते नुसते उसासे टाकतात. शाळेत एकदा कविता म्हणताना बाकावरून पडले होते, विचारा."

मी : "विचारू नका."

बाई इतक्या हसल्या की ब्रश खाली पडला. म्हणाल्या, "हा तुमचा जुना खेळ आहे का?"

हो म्हणावं की नाही, कळेना. झेफेरिनो म्हणाला, "जुना आहे."

१९ जुलै, शनिवार

आज बाईंचा एक मित्र आला होता, मर्विन. तोही चित्रकार. नुसते काळे पट्टे काढतो म्हणे, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांना मान आहे. बिनसॉक्सचे बूट, दाढीत पावाचा चुरा. चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"माणसं, लिओना? १९५८ साली माणसं? इतक्या लोकांनी जिवाचं रान करून चित्रातून माणूस बाहेर घालवला, आणि तू त्याला मागच्या दाराने घरात घेतेस?"

बाई म्हणाल्या, "मीही सहा वर्षं नुसता रंगच फेकला, मर्विन. तुझ्याइतकाच. एक दिवस एका काळ्या डागात मला खांदा दिसला. पुसायला गेले, हात चालेना. तोच ब्रश आहे, तोच पत्रा, तीच घाई. फक्त आता समोर कोणीतरी बसलंय, आणि मी खोटं रंगवलं तर त्याला कळतं."

"कळतं?" तो आमच्याकडे बघून हसला. "काय आजोबा, कळतं का काही?"

मी म्हणालो, "काळा पट्टा मलाही येतो. बोटीच्या तळाला चाळीस वर्षं डांबर फासलंय."

झेफेरिनो लगेच म्हणाला, "आणि यांनी फासलेल्या डांबरातून पाणी यायचं. पण तुमच्या पट्ट्यांपेक्षा ते बरं होतं."

मर्विनचं तोंड पाहण्यासारखं झालं. तो गेल्यावर बाई म्हणाल्या की न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यासारखी पाच-सहाच माणसं आहेत. पोटमाळ्यांवर राहतात, एकमेकांची चित्रं एकमेकांच्या भिंतींवर टांगतात. मोठ्या गॅलऱ्या दारातूनच म्हणतात, हे मागे चाललेत. इथे पुढच्या रस्त्यावर जुन्या न्हाव्याच्या दुकानात दोन पोरांनी गॅलरी काढली आहे, दर सोमवारी नवा चित्रकार. १८ ऑगस्टचा आठवडा बाईंचा. पाच चित्रं तयार आहेत. समोरची मोठी भिंत या बाकासाठी ठेवलीय.

घरी येताना लक्षात आलं, आज आम्ही दोघं एका बाजूने बोललो. पण एकमेकांशी नाही. म्हणून धरत नाही.

२० जुलै, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर झेफेरिनोची मुलगी देओलिंदा ओलिंपियाला भेटली. तिचं सासर न्यू बेडफर्डला. एक सप्टेंबरला ती बापाला कायमचं घेऊन जाणार आहे. इथलं घर द्यायचं ठरलंय. गुडघे गेलेत त्याचे, एकटा राहू शकत नाही.

ओलिंपियाने मला हे सूप वाढताना सांगितलं. मी म्हणालो, "बरं झालं. पूर्वेकडचं टोक मोकळं होईल. सकाळचं ऊन तिथेच येतं."

 तिने सूपमध्ये सॉसेजचा एकही तुकडा मला वाढला नाही.

सहा आठवडे राहिले. पहिला शब्द त्याचाच. त्याने चूक केली, त्याने बोलावं. यात चुकीचं काय आहे? तरी संध्याकाळी उगीच दोन ओळी सुचल्या:

*ओहोटीने वाळूवर ठेवल्या दोन नावा;*
*भरतीने आधी कोणाला हात द्यावा?*

ॲटवुडबाई म्हणाल्या असत्या, यमक बरं आहे, बेल्मिरो, पण प्रश्नाचं उत्तर कुठाय?

२८ जुलै, सोमवार

आठवडाभर धुकं. रंग वाळतच नाही. बाईंनी दोनदा खरवडलं. माझ्या चांगल्या कानाकडे झेफेरिनो यावा म्हणून मी जागा बदलायला सांगितली. कारण दिलं उन्हाचं. धुक्यात. बाईंनी विचारलं नाही. आता निळा मी आणि पिवळा तो, की रंगही आमच्यासोबत सरकले, मला सांगता येणार नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज बोटीचं निघालं.

बाईंनी सहज विचारलं, "मिस्टर कोडिन्हा, तुम्ही मासेमारी कधी सोडली?"

झेफेरिनोने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "सत्तेचाळीस साली. त्या मार्चमध्ये हे गृहस्थ सुकाणूवर होते. स्वच्छ दिवस. समोर बंदराचा खांब, घराएवढा. यांना दिसला नाही. दुसऱ्या आठवड्यात दिवादांडी दिसली नाही. डॉक्टर ऑपरेशन करणार होते, पण मी यांना ओळखतो. एक डोळा उघडला असता तरी हे दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेले असते. बोट असेपर्यंत गेलेच असते."

"म्हणून विकलीत?"

"मी एका बाईला शब्द दिला होता. आणि हेही, की शब्द दिला हे कुणाला सांगणार नाही."

"कोणत्या बाईला?"

त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. कोण ही बाई? त्याची बायको तर युद्धाआधीच वारली. म्हणजे लबाड म्हाताऱ्याचं कुठेतरी काहीतरी होतं! न्यू बेडफर्डला असेल. आणि एवढं सगळं आमच्यापासून लपवलं. माझी बायको इझॉरा बिचारी भोळी. आमचं भांडण झाल्यावरसुद्धा दर ईस्टरला त्याच्या घरी गोड पाव पाठवायची, देवाघरी जाईपर्यंत पाठवत होती. मी रागवायचो. ती म्हणायची, "बेल्मिरो, माझा पाव आहे, मी कुणालाही देईन." तिला काय ठाऊक तो कसा माणूस आहे!

हे सगळं मी ओलिंपियाला सांगितलं. ती हातातला चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग एप्रनने डोळे पुसले. कांदा चिरत नव्हती.

"देवाने तुला कविता दिल्या," म्हणाली, "आणि हात आखडता घेतला."

८ ऑगस्ट, शुक्रवार

बाई म्हणाल्या, "झालं."

गेले चार दिवस त्यांनी खरवडलं नव्हतं. दोन माणसं, एक बाक, मागे काळा आणि हिरवा समुद्र किंवा भिंत, काय ते. तोंडं नाहीतच. तरी डावीकडच्याचा खांदा पाहून मी चमकलो. दोर ओढून ओढून उजवा खांदा खाली उतरलेला. तो खांदा मी पन्नास वर्षं कोटात लपवतोय. तोंड न काढता या बाईने मला पकडलं! बाकाच्या मध्ये मात्र तीन माणसांची जागा तशीच होती, आणि ती जागाच सगळ्यात जास्त दिसत होती.

"आता तुम्हाला यायला नको," बाई म्हणाल्या. "थकवलं मी तुम्हाला."

झेफेरिनोने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. जिना उतरून तो डावीकडे गेला, मी उजवीकडे.

आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

मनातलं लिहायचं म्हणून ही वही आहे, तेव्हा लिहितो. मी आज खोटं बोललो.

बाई अंगणात कॉफी पीत होत्या. मी म्हणालो, "चित्र उत्तम आहे. पण एका खलाशाच्या नजरेने सांगू? डाव्या माणसाचा पाय आखूड वाटतो."

"आखूड?"

"माझी बहीणही म्हणाली." ओलिंपियाने चित्र पाहिलेलंही नाही.

पायाला काही झालेलं नव्हतं. पाय छान होता.

"अजून दोन-तीन दिवस बसावं लागलं, तर माझी ना नाही," मी म्हणालो.

११ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा बसतोय! बाई म्हणाल्या, मी पायाचं बोलल्यावर तासाभराने झेफेरिनोही आला होता, आणि उजव्या माणसाचा हात चुकलाय म्हणून सांगून गेला. काय गाढव आहे! हात उत्तम होता. त्याला चित्रातलं काडीचं कळत नाही. उगाच बाईंच्या डोक्यात भरवलं.

बाईंचं मन मात्र थाऱ्यावर नाही. पाय खरवडला, मग गुडघा जुळेना, मग कंबर.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वाईट झालं. फार वाईट.

आज सकाळी बाईंनी पत्रा घेतला आणि अख्खं चित्र उतरवलं. डबा भरला, उरलेलं जमिनीवर. हात कोपरापर्यंत निळे. आम्ही दोघं बाकावर, तोंडात बोट घातल्यासारखे.

"मर्विन बरोबर म्हणत होता," त्या शांतपणे म्हणाल्या. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. "मला माणूस येत नाही. पाय आखूड, हात चुकीचा. दोन माणसं एका बाकावर बसवता येत नाहीत मला. सोमवारी मोठी भिंत रिकामी राहील. आणि पुढच्या वर्षी मीही काळे पट्टे काढेन. पट्ट्यांना पाय नसतात. तुम्ही जा आता. थँक यू."

जिन्यावर माझे पाय खरोखरच आखूड झाले होते. एका बाईच्या सहा आठवड्यांच्या कामावर मी बोळा फिरवला, कशासाठी, तर चार सकाळी जास्त बसायला मिळाव्यात म्हणून. कोणाबरोबर, ते लिहीत नाही.

ओलिंपियाला खरं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "एकट्या तुझं बोलून भागणार नाही. एका माणसाचं चित्र नाही ते. तुला ठाऊक आहे तुला कुठे जायचंय."

"पहिला शब्द—"

"तो शब्द आता लोणच्यात घाल."

१५ ऑगस्ट, शुक्रवार. मरियेचा सण

मिस्सा झाल्यावर चांगला कोट घालून मागच्या रस्त्याने झेफेरिनोच्या घरी गेलो. अकरा वर्षांत त्या फाटकाला हात लावला नव्हता. दार ठोठावलं. लगेच उघडलं. तो कोट, टोपी, काठी अशा जय्यत तयारीत दाराआडच उभा होता. घरात टोपी घालून उभा राहतो! म्हातारपण वाईट.

काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. चांगलं भाषण झालं होतं, यमकासकट. तोंडातून एवढंच आलं,

"पाय चांगला होता, झेफ."

त्याने टोपी मागे सरकवली. मग म्हणाला, "हातसुद्धा."

"मग कशाला सांगितलंस चुकलाय म्हणून?"

"तू कशाला सांगितलंस?"

 शेजारच्या कुंपणावरचा सीगल आमच्या दोघांवर ओरडला.

"चल," मी म्हणालो. "त्या चित्रकार पोरीने सामान आवरायच्या आत पोचलं पाहिजे."

"काठीने चालतोय मी. पळवू नकोस."

पहिला शब्द माझाच गेला, हे इथे नोंदवून ठेवतो. हरलो. आणि वाटभर मला गाणं सुचत होतं.

बाई ब्रश गुंडाळत होत्या. आम्ही दोघांनी एकदम कबुली दिली, एकमेकांना तोडत. पाय, हात, ओलिंपिया, अकरा वर्षं, बोट, सगळं. त्यांना पहिल्यांदा कळलं की आम्ही मित्र नव्हतोच.

"म्हणजे," त्या हळूहळू म्हणाल्या, "सहा आठवडे मी दोन वैरी रंगवत होते?"

"वैरी नाही," झेफेरिनो म्हणाला. "वैऱ्याशेजारी कोण रोज बसतं?"

बाईंनी तेलकट चिंधी त्याच्या छातीवर फेकून मारली. मग दुसरी माझ्या. मग म्हणाल्या, "बसा. कोट काढू नका. बसा!"

१६ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर बसलो. बसलो म्हणजे काय, एका जागी कोण होतं! अकरा वर्षांचं बोलणं बाकी. तो मला हातावरचे दोराचे वळ दाखवायला माझ्या बाजूला आला, मी त्याला खिडकीतून नव्या धक्क्याचे खांब कसे वाकडे बसवलेत ते दाखवायला त्याच्या बाजूला गेलो. कोण पूर्वेला, कोण पश्चिमेला, पत्ता नाही. बाई एकदाही 'हलू नका' म्हणाल्या नाहीत. ओल्यावर ओला रंग, दोन्ही हातांनी, एकदा तर तळव्याने. पत्रा खिळ्यालाच राहिला.

मी मधेच विचारलं, "झेफ, आता सांग. कोण होती ती बाई?"

"होती एक. शहाणी होती."

"सुंदर?"

"तुला सुंदर वाटायची."

म्हणजे मी तिला पाहिलं होतं! बराच विचार केला. नाव आठवत नाही. म्हाताऱ्या मित्राच्या जुन्या प्रेमप्रकरणात फार खोदू नये म्हणून गप्प बसलो. तो मात्र हसून हसून खोकत होता.

१७ ऑगस्ट, रविवार

चित्र न्यायचं होतं. सात फूट रुंद, रंग अंडं कालवल्यासारखा ओला आणि नैऋत्येचा वारा. गाडीत घालायची सोय नाही, कापड टाकायची सोय नाही. हातात धरून पुढच्या रस्त्यापर्यंत चालत. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मर्विन. लाजत का होईना, मदतीला आला होता. झेफेरिनो काठी घेऊन पुढे.

बँकेच्या कोपऱ्यावर वारा आला आणि चित्र फुगलं! शेवटी कापड शिडाचंच. मर्विन दोन पावलं हवेत गेला.

"कड दे वाऱ्याला!" झेफेरिनो ओरडला. "कड, कड! बेल्मिरो, त्या दाढीवाल्याला सांग, हे शिड आहे!"

"ऐकू येतंय त्याला! सगळ्या गावाला ऐकू येतंय!"

"मग फिरव! डावीकडे! अरे तुझं डावं, माझं नाही!"

उन्हाळ्यात फिरायला आलेल्या बायका आइसक्रीम हातात धरून बाजूला झाल्या. ट्रॉलरवरची पोरं टाळ्या वाजवत मागे चालू लागली. त्यांतल्या एकाने विचारलं, "आजोबा, भांडण मिटलं का?" झेफेरिनो म्हणाला, "नाही, आता सुरू झालंय."

गॅलरीच्या दारात पोचेपर्यंत माझ्या अंगठ्याचा ठसा कडेच्या निळ्यात उमटला होता. बाईंनी पाहिला. पुसला नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

उद्‌घाटनाला एवढी गर्दी की जुन्या न्हाव्याच्या खुर्चीवरही दोघं चढले होते. आमची माणसं, जाळी ओढणारी, कधी गॅलरीत न गेलेली, मिशांना तेल लावून आली. समोरच्या भिंतीवर बाक.

तोंडं नाहीत. पण दारातूनच लोक म्हणत होते, "हे बघ, बेल्मिरो आणि झेफेरिनो!" मधली तीन माणसांची जागा गेली होती. दोघांपैकी एकजण दुसऱ्याकडे वाकलाय, इतका की खांद्याचा रंग खांद्याच्या रंगात मिसळलाय. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, बाईंनाच ठाऊक.

मी झेफेरिनोला म्हणालो, "बघ, कसा माझ्याकडे वाकलायस."

"मी? वाकलेला तू आहेस. खांदा बघ."

"खांदा तुझाही तसाच आहे, एकाच दोराला होतो आपण! कोपर बघ."

"कोपर ओलिंपियाला विचार."

ओलिंपिया म्हणाली, "मला दोघंही सरळ बसलेले कधी आठवत नाहीत."

शेवटी बाईंना विचारलं. त्या दमून, आनंदाने गुलाबी झाल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही सारखे जागा बदलत होतात. मी वाकणं रंगवलं. कोणाचं ते पाहिलं नाही."

दोघांचंही समाधान झालं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मर्विन सकाळी माळ्याखाली उभा होता. काल तासभर त्या चित्रासमोर उभा होता म्हणे, एक अक्षर न बोलता. बराच वेळ हवेबद्दल बोलला. मग बुटांकडे बघत म्हणाला,

"मिस्टर ताविश, सकाळी मोकळे असता का? म्हणजे, बसायला?"

"तोंड काढणार असशील तर नाही," मी म्हणालो. "सवय राहिली नाही."

१ सप्टेंबर, सोमवार

झेफेरिनो गेला. देओलिंदाने त्याला गाडीत पुढे बसवलं, मांडीवर टोपी, मागे दोन पेट्या. इतक्या वर्षांच्या घराला कुलूप लावताना तो काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. गाडी सुरू झाल्यावर त्याने काच खाली केली.

"वाकलेला तूच!"

"तू!"

वळणापर्यंत तो ओरडत होता.

नंतर धक्क्यावर गेलो. पूर्वेकडच्या टोकावर सकाळचं ऊन खरंच चांगलं येतं. पाच मिनिटं बसलो. मन लागेना, उठलो.

१० सप्टेंबर, बुधवार

न्यू बेडफर्डहून पोस्टकार्ड. ना 'प्रिय', ना खुशाली. एकच ओळ: "इथल्या फादरनाही चित्राबद्दल सांगितलं. ते म्हणतात, वाकलेला तूच."

ज्याने चित्र पाहिलं नाही, त्या पाद्रीबाबाला काय कळतं! मी पेन घेतलं, चार उत्तरं लिहिली, चारही फाडली. असल्या गोष्टी पत्रात मावत नाहीत.

"तोंडावरच सांगायला हवं," मी म्हणालो.

ओलिंपियाने आधीच गोड पाव भाजला होता. इझॉराच्या पद्धतीचा, वर अंडं लावलेला. ईस्टर नाही, काही नाही. दोन पाव फडक्यात बांधले.

"दोन कशाला?"

"एक भांडायच्या आधी खा, एक नंतर. आणि तिथे गेल्यावर झेफला सांग, इझॉरा दर ईस्टरला पाव का पाठवायची ते मला कळलंय, आणि हेही तिच्याकडूनच समज."

"का पाठवायची?"

"तू नुसतं सांग."

बायकांचं बोलणं मला कधी कळलं नाही, पण सांगेन. बस आठ वाजता सुटते. ही वही घरीच ठेवतोय. तिथे बोलायला माणूस आहे.